रिकी, कुर्ट्झ आणि मधले सगळे

बेसबॉलमधला जुना दिग्गज रिकी हेंडरसन आज खेळत असता तर वर्षाला दोनशे बेस चोरले असते (चोरणं म्हणजे काय ते पुढे सांगतो), असं मी म्हटलं की आमचे चिरंजीव डोळे फिरवतात. त्याचं दैवत आताचा स्टार ओहतानी. एकाच माणसानं एकाच सीझनमध्ये ५४ होम रन (बॉल थेट भिंतीपलीकडे, क्रिकेटच्या सिक्सरसारखा) मारून वर ५९ बेस चोरले (हे २०२४ चं) म्हटल्यावर बाकी सगळ्या जुन्या मंडळींनी गप्प बसावं असं त्याचं स्पष्ट मत आहे, आणि "बाबा, तुझ्या रिकीच्या वेळचे पिचर ताशी नव्वद मैलांनी बॉल टाकायचे, आता शंभरनं टाकतात" हा त्याचा हुकमी एक्का. मग मी म्हणतो की अरे पण शंभरनं टाकणाऱ्याला पाच इनिंगमध्ये दम लागतो त्याचं काय, आणि मग ते जे सुरू होतं ते ताटं उचलली जाईपर्यंत.

दोनशे जरा जास्तच आहे, मान्य. पण माझ्या बोलण्यात अगदीच दम नाही असंही नाही. २०२३ पासून बेसबॉलचे नियम बदलले. बेस पंधरा इंचांवरून अठरा इंचांचे झाले, म्हणजे दोन बेसमधलं अंतर थोडं कमी झालं. पिचरला घड्याळ लागलं, ठराविक सेकंदात बॉल टाकायचाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका बॅटरच्या वेळी फर्स्ट बेसवरच्या रनरला धमकावण्यासाठी पिचर दोनदाच तिकडे बॉल टाकू शकतो, तिसऱ्यांदा टाकून माणूस आउट झाला नाही तर रनरला पुढचा बेस आयता मिळतो. रिकीच्या वेळी असलं काही नव्हतं. पिचर पाच-सहा वेळा फर्स्टकडे बॉल टाकायचे, प्रेक्षक हुर्यो करायचे, रिकी प्रत्येक वेळी डाइव्ह मारून परत बेसवर यायचा, माती झटकायचा, आणि पुन्हा तेवढाच पुढे जाऊन उभा राहायचा. तरीही १९८२ मध्ये त्यानं १३० बेस चोरले. एकशे तीस! १७२ वेळा पळाला, ४२ वेळा पकडला गेला. आजचा कुठलाही कोच बेचाळीस वेळा पकडला जाणाऱ्या माणसाला पळूच देणार नाही, कॉम्प्युटर घेऊन बसलेली पोरं येऊन समजावतील की हे परवडत नाही म्हणून. त्यामुळे मुलाचं म्हणणंही एका अर्थी बरोबर आहे, रिकी आज असता तर कदाचित दोनशे सोडा, शंभरही त्याला चोरू दिले नसते.

ज्यांना बेसबॉलचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी, ही चोरी म्हणजे काय तर तुम्ही फर्स्ट बेसवर उभे आहात, पिचर समोरच्या बॅटरला बॉल टाकायच्या तयारीत आहे, आणि त्यानं हात हलवायला सुरुवात केली की तुम्ही जीव खाऊन सेकंड बेसकडे पळायचं. अंतर नव्वद फूट, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा चोवीस फूट जास्त. कॅचर बॉल पकडून सेकंडला फेकणार, तो पोचायच्या आत तुमचा हात बेसला लागला पाहिजे. सगळा मिळून साडेतीन सेकंदांचा मामला. आणि समोरच्याला माहीत असतं की हा पळणार आहे. इथंच तर खरी गंमत आहे! रिकी फर्स्टवर आला की स्टेडियममधल्या पॉपकॉर्न विकणाऱ्या माणसालासुद्धा माहीत असायचं की हा आता पळणार. तो गुडघे वाकवून, पार खाली बसल्यासारखा उभा राहायचा, दोन्ही हात मोकळे लोंबते सोडलेले आणि बोटं हलत असायची, पियानो वाजवल्यासारखी. नजर पिचरच्या पायांवर. आणि एकदम तो तिथं नसायचाच. डोकं पुढे करून, पोटावर, जमिनीला समांतर घसरत यायचा. एकदा म्हणे विमानात बसलेला असताना ते कसं अलगद उतरलं ते बघून त्यानं पायलटला विचारलं होतं, आणि तेव्हापासून लांबून, खालून, सावकाश जमिनीला टेकायची स्लाइड शिकला, असं तो सांगायचा.

मी हे जे वर्णन केलं ते मात्र अर्धं बघितलेलं आणि अर्धं जुन्या व्हिडिओंमधलं आहे. कारण मी अमेरिकेत आलो १९९८ मध्ये, वायटूकेच्या लाटेत, फ्रीमाँटला एका अपार्टमेंटमध्ये चार जण कोंबलेले, गाडी एक आणि तीही सेकंडहँड. त्या गाडीचा कॅसेट प्लेअर बंद होता, रेडिओ तेवढा चालायचा, आणि आठशे ऐंशी हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी लागायचा तो ओकलंड ए'ज या टीमचा, म्हणजे रिकीच्या टीमचा सामना. बिल किंग नावाचा म्हातारा कॉमेंट्री करायचा, मिशा वळवलेला, भाषा अशी भारी की अर्धे शब्द कळायचे नाहीत पण मैदान दिसायचं. काही जबरदस्त घडलं की "होली टोलेडो!" असं ओरडायचा. बेसबॉल मी त्याच्याकडून शिकलो. डोळ्यांनी बघायच्या आधी कानांनी शिकलो म्हणा. आणि तो बिल किंग त्या सीझनला रोज ज्याच्याबद्दल बोलायचा तो रिकी तेव्हा ३९ वर्षांचा होता. एकोणचाळीस! त्या वयातही त्यानं ६६ बेस चोरले आणि अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक) पहिला आला. ऑफिसातले जुने लोक म्हणायचे, तू आत्ता काय बघतोयस, ऐंशी साली बघायला पाहिजे होतास. म्हणजे मी ज्याला 'जुना' म्हणून मुलाला सांगतो तो माझ्या वाट्याला आला तेव्हाच जुना झालेला होता. प्रत्येक पिढीला मागची पिढी हेच सांगत आलेली आहे, त्यामुळे मुलाचं डोळे फिरवणं मी फारसं मनावर घेत नाही.

रिकी हा ओकलंडचाच पोरगा. जन्म शिकागोचा, २५ डिसेंबर १९५८, पण वाढला ओकलंडमध्ये, शिकला ओकलंड टेक हायस्कूलमध्ये. त्याला खरं तर फुटबॉल खेळायचं होतं. शाळेतल्या एका काउन्सेलर बाईंनी त्याला बेसबॉलमध्ये टिकवायला आमिष दाखवलं, प्रत्येक हिटमागे, रनमागे, चोरलेल्या बेसमागे पाव डॉलर देईन म्हणून, आणि खिशातून दिलेसुद्धा. २००९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हाच्या भाषणात त्यानं त्या बाईंचं नाव घेऊन हे सांगितलं. मला हा किस्सा त्याच्या सगळ्या रेकॉर्ड्सपेक्षा जास्त आवडतो. शेवटी कारकिर्दीत १,४०६ बेस झाले, दुसऱ्या नंबरवरच्या लू ब्रॉकचे ९३८ आहेत. मधली फट ४६८ ची आहे, आणि आयुष्यभरात चारशे अडुसष्ट बेस चोरणं हीच एखाद्याची उत्तम कारकीर्द ठरते. २,२९५ रन, हाही विक्रम त्याचाच.

माणूस मात्र स्वतःवर जाम खूश. १ मे १९९१ ला त्यानं लू ब्रॉकला मागे टाकलं, बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला, आणि माइकवर सांगून टाकलं की आज मी सगळ्यात महान आहे. ब्रॉक शेजारीच उभा होता. लोकांनी बरीच टीका केली. आणि नियतीची गंमत बघा, त्याच रात्री तिकडे टेक्ससमध्ये चव्वेचाळीस वर्षांच्या नोलन रायननं आपली सातवी नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता पूर्ण केलेली मॅच) टाकली आणि दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा म्हाताऱ्याची! त्याच रायनची पाच हजारावी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद) १९८९ मध्ये झाली तेव्हा आउट झालेला बॅटर कोण होता? रिकीच. आपल्याकडे असता तर त्याच्या अहंकारावर अग्रलेख आले असते, पण मला ते कधी खटकलं नाही. जे आहे ते आहे म्हणाला. खोटी नम्रता दाखवणारे खेळाडू मला जास्त कंटाळवाणे वाटतात, आणि आजकाल मुलाखत देण्याचं ट्रेनिंग घेऊन आलेले सगळे एकसारखंच बोलतात, "टीमला मदत करता आली याचा आनंद आहे" वगैरे.

तर ए'ज. या टीमचा फॅन होण्यात एक कायमची अडचण होती, ती म्हणजे खेळाडू टिकायचे नाहीत. पोरगं इथं तयार व्हायचं, चमकायचं, आणि पैसे द्यायची वेळ आली की दुसरीकडे. जेसन जिआम्बी २००० मध्ये एमव्हीपी (लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, पुढच्या वर्षानंतर न्यू यॉर्कच्या यँकीजकडे. मिगेल तेहादा २००२ मध्ये एमव्हीपी, दोन वर्षांत बाल्टिमोर. टिम हडसन आणि मार्क मल्डर तर २००४ च्या डिसेंबरमध्ये दोन दिवसांच्या अंतरानं विकले, मी एका बातमीतून सावरतोय तोवर दुसरी. पुढे मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, मार्कस सिमियन, शॉन मर्फी, तीच कथा. त्यामुळे आमच्या घरी एक नियम होता, पाठीवर नाव छापलेली जर्सी घ्यायची नाही. नुसती हिरवी टोपी घ्यायची, टोपी कुठे जात नाही.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली १३ ऑक्टोबर २००१ ची. यँकीजविरुद्ध प्लेऑफ, पाचपैकी तीन जिंकायच्या, आम्ही दोन जिंकून बसलेलो. तिसरी मॅच ओकलंडला. सातव्या इनिंगमध्ये ०-१ नं मागे, दोन आउट, फर्स्टवर जेरेमी जिआम्बी, जेसनचा धाकटा भाऊ. टेरेन्स लाँगनं राइट फील्डच्या कोपऱ्यात मारला आणि जेरेमी पळत सुटला, फर्स्ट, सेकंड, थर्ड, आणि घराकडे, म्हणजे जिथं पोचलं की रन होते त्या होम प्लेटकडे. तिकडून आलेला थ्रो दोन्ही मधल्या माणसांच्या डोक्यावरून गेला, आता रन झालीच, आणि शॉर्टस्टॉपवर, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये असायला हवा तो यँकीजचा डेरेक जीटर कुठून कुणास ठाऊक तिथं पळत आला, बॉल पकडला आणि पळता पळता उलट्या हातानं कॅचरकडे ढकलला. जेरेमी उभ्यानं येत होता. स्लाइड मारली नाही. कॅचर पोसाडानं त्याच्या पायाला बॉल टेकवला, आउट. मॅच १-० नं गेली, पुढच्या दोन्ही गेल्या. मी तेव्हा एका मित्राच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसलेलो होतो आणि "स्लाइड मार ना लेका" असं शुद्ध मराठीत ओरडलो, बाजूला बसलेल्या दोन अमेरिकन माणसांना अर्थ सांगावा लागला नाही. नंतर वर्षानुवर्षं लोक त्या बिचाऱ्या जेरेमीच्या नावानं बोटं मोडत राहिले. जीटरनं आयुष्यातला सर्वोत्तम खेळ केला असं कुणी म्हणत नाही, जेरेमी घसरला नाही एवढंच म्हणतात, निदान ओकलंडमध्ये तरी. २०२२ मध्ये जेरेमी गेला, पन्नाशीही गाठली नव्हती, आणि बातम्यांमध्ये पुन्हा तीच क्लिप. मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसरी गोष्ट २००२ ची, सलग वीस विजयांची, ज्यावर पुढे 'मनीबॉल' पुस्तक आलं, सिनेमा आला, आणि भारतात बेसबॉल न बघणारे माझे मित्रसुद्धा ती मला समजावून सांगतात. ४ सप्टेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० आघाडी, तिथून ११-११, आणि नवव्या इनिंगमध्ये बदली म्हणून आलेल्या स्कॉट हॅटबर्गचा होम रन. साडेपंचावन्न हजार लोक होते, त्यात मी नव्हतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता. पण सिनेमा बघून आलेल्यांना मी कायम एकच सांगतो, की त्या टीमकडे हडसन, मल्डर आणि झीटो असे तीन तगडे पिचर होते, झीटोला त्या वर्षी साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळालं, तेहादाला एमव्हीपी मिळालं. स्वस्तातल्या दुर्लक्षित खेळाडूंनी आणि आकडेमोडीनं जिंकलं हे खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्या तिघांच्या हातांनी जिंकलं. हे म्हणजे लग्नात मठ्ठ्याचं कौतुक करावं आणि जिलबीचं नाव काढू नये, असं झालं.

आता नवे-जुने म्हटलं की मी सरसकट 'आमच्या वेळी' वाला नाही, हे नोंदवून ठेवतो. पिच क्लॉक मला मनापासून आवडलं. २०२२ मध्ये मॅच सरासरी तीन तासांच्या वर जायची, पुढच्या वर्षी दोन तास चाळीस मिनिटांवर आली. दोन बॉलच्या मध्ये ग्लव्ह काढायचा, घालायचा, आकाशाकडे बघायचं, पुन्हा काढायचा, हा सगळा तमाशा बंद झाला. चोऱ्याही वाढल्या, २०२३ मध्ये आमच्याच एस्तेउरी रुइझनं ६७ बेस चोरले, अमेरिकन लीगमधल्या नवख्यांचा विक्रम. टीम मात्र त्या वर्षी ११२ मॅच हरली, तो भाग वेगळा. मला खुपतं ते पिचिंग. डेव्ह स्टुअर्टनं १९८७ ते १९९० अशी सलग चार वर्षं वीस किंवा जास्त मॅच जिंकल्या, खांद्यात बळ असेपर्यंत माणूस उतरायचा नाही. आता सहाव्या इनिंगला सुंदर टाकणाऱ्या पोराच्या हातातून बॉल काढून घेतात, कारण तिसऱ्यांदा तेच बॅटर आले की मार बसण्याची शक्यता वाढते असं आकडे सांगतात. आकडे बरोबरच असणार, पण मी तिकीट काढून एका माणसाची दमछाक, जिद्द, बदललेले डावपेच बघायला जातो, ओळीनं येणारे पाच अनोळखी लोक बघायला नाही. आणि जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही. होजे कान्सेको हा १९८८ मध्ये एकाच सीझनमध्ये ४० होम रन, ४० बेस करणारा पहिला माणूस, ए'जचाच. त्याच्या जोडीला मार्क मॅग्वायर. दोघांनीही नंतर स्टिरॉइड घेतल्याचं कबूल केलं. मुलगा ओहतानीचे आकडे तोंडावर फेकतो तेव्हा कान्सेकोचं नाव मी काढत नाही, हरायची केस आहे.

मग २०२४ आलं. टीमच ओकलंड सोडून निघाली. १९६८ पासून जिथं होती तिथून. मालकांना लास वेगासला नवीन स्टेडियम बांधायचंय, ते होईपर्यंत सॅक्रामेंटोला. त्या निर्णयाबद्दल मी लिहायला लागलो तर भाषा बिघडेल म्हणून सोडून देतो. २६ सप्टेंबरला कॉलिझियम या ओकलंडच्या स्टेडियममधली शेवटची मॅच झाली, टेक्ससविरुद्ध, गुरुवारी दुपारी. सुट्टी काढून गेलो, मुलाला शाळेतून दांडी मारायला लावून. ४६,८८९ लोक. बार्ट ट्रेनच्या पुलावर तीच कळकट गर्दी, तेच बेकन गुंडाळलेले हॉट डॉग विकणारे, आतमध्ये तेच काँक्रीटचं धूड, जिथं २०१३ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये गटार तुंबलं होतं आणि नंतर एक पोसम म्हणून जे घुशीसारखं जनावर असतं ते कॉमेंट्री बॉक्समध्ये राहायला आलं होतं. झीटोनं राष्ट्रगीत म्हटलं. पहिला बॉल टाकायला दोघं आले, डेव्ह स्टुअर्ट आणि रिकी. ज्या मैदानाला रिकी हेंडरसन फील्ड असं नाव दिलेलं आहे त्या मैदानाला निरोप द्यायला रिकी स्वतः. मॅच ३-२ नं जिंकली. नंतर लोक जागचे हलेनात, कुणीतरी कपमध्ये माती भरून आणली होती ती शेजारच्याला वाटत होता. तीन महिन्यांच्या आत, २० डिसेंबरला, रिकी गेला. पासष्टाव्या वर्षी, सहासष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना.

तेव्हा मी ठरवलं होतं की बास. आता मॅच बघणार नाही, स्कोअरही नाही. खेळाडू जाण्याची सवय होती, पण या वेळी खेळाडू तिथंच आणि गाव गेलं, त्याला काय करायचं ते कळेना. सॅक्रामेंटोच्या त्या छोट्या मायनर (दुय्यम) लीगच्या मैदानावर पहिलीच मॅच १८-३ नं हरले तेव्हा, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आणि मग २५ जुलै २०२५. मुलाचा मेसेज आला, "बाबा, कुर्ट्झ बघ. आत्ता." निक कुर्ट्झ, बावीस वर्षांचा, एप्रिलमध्ये पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये आलेला. ह्यूस्टनमध्ये सहा वेळा बॅटिंगला आला आणि सहाही वेळा हिट, त्यातले चार होम रन, आठ रन आत आणल्या. असं करणारा पहिला नवखा. शेवटचा होम रन मी लाइव्ह बघितला. साडेसहा फुटी देह, पण बॅट फिरवण्यात काही जोरजबरदस्ती नाही, सहज खांदा वळतो आणि बॉल डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे. डावखुऱ्याचे जोरदार फटके सहसा उजवीकडे जातात, हा डावखुरा असून डावीकडे! मी सोफ्यावरून उठलो होतो हे मला उठल्यावर कळलं. वर्षअखेर त्यालाच रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) मिळालं, एकमतानं, आणि दुसऱ्या नंबरवर कोण, तर त्याच्याच टीमचा जेकब विल्सन, ज्याला स्ट्राइकआउट करणं म्हणजे पिचरला घाम फुटतो.

राग मालकांवर आहे, पण या पोरांनी काय केलंय? कुर्ट्झला तर कॉलिझियममध्ये खेळायलासुद्धा मिळालं नाही. आणि चीड कशाची येते सांगू? इतकी वर्षं पैसे नाहीत म्हणून सगळे विकले, आणि गाव सोडल्याबरोबर ब्रेंट रूकर आणि लॉरेन्स बटलरला लांबलचक करार. म्हणजे खिशात होतेच की!

मुलाला मैदानात जाऊन कुर्ट्झ बघायचाय, सॅक्रामेंटो इथून दोन तासांवर आहे. मी त्याला म्हटलंय, तू जा, तुझ्या पैशांनी जा, मी त्या मालकांना एक पैसा देणार नाही. मी घरी बसून बघतो. तसाही कुर्ट्झ डावऱ्या पिचरांसमोर अजून चाचपडतो, बाहेर जाणाऱ्या बॉलला बॅट घालतो, त्याचं तो काय करतो ते मैदानापेक्षा टीव्हीवर नीट दिसतं.